पहिला नंबर दादाचा

दादा घरात असताना मोठ्याने बोलायचं नाही, हा नियम वहिनींनी काही नव्याने काढला नव्हता. दादा वजनकाट्यांच्या कारखान्यात मॅनेजर झाला त्या वर्षापासून तो चालू होता. संध्याकाळी त्याची पावलं जिन्यावर वाजली की रेडिओ बंद व्हायचा, मुलीच्या हातातला चेंडू काढून घेतला जायचा आणि वहिनी दाराशी येऊन सगळ्यांना मिळून एकदाच सांगायच्या, “हळू. त्यांना फार टेन्शन असतं.” अठ्ठावीस वर्षं हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोज लागलं.

निवृत्तीनंतरच्या सहा महिन्यांत नियम जरा ढिला पडला, कारण माणूस दिवसभर घरातच असल्यावर कुजबुजायचं तरी किती? पण पंधरा दिवसांपूर्वी तपासणीचा कागद आला. कागदावर दादाचं नाव होतं, तीन ठिकाणी लाल रेघा होत्या, हृदयाच्या आलेखाखाली काळजीच्या दोन ओळी होत्या आणि प्रेशरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता. वहिनी घाबरल्या, रडल्या, आणि भीतीच्या खालोखाल त्यांना जरा बरंही वाटलं. हे त्यांनी कुणापाशी कबूल केलं नसतं. सहा महिने नवरा खिडकीशी बसून रस्ता बघत होता आणि त्याच्यासाठी काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. आता गोळ्या होत्या, त्यांच्या वेळा होत्या, अळणी भाजी होती. त्यांना पुन्हा काम मिळालं होतं.

डॉक्टरांनी माणसाकडे कमी आणि कागदाकडे जास्त पाहून दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. गोळ्या सुरू झाल्या आणि दादाला उठताना चक्कर यायला लागली. आजार वाढतोय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. परवा तो जिन्यात कठड्याला धरून खाली बसला, तेव्हा वहिनींनी ताईला फोन लावला. म्हणून आज, रविवारी सकाळी दहा वाजता, तिसऱ्या मजल्यावर बैठक भरली होती.

ताई म्हणजे दादाच्या पाठची बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि शाळा सुटून वर्ष झालं तरी वर्गावर आल्यासारखीच खोलीत यायची. ती खुर्चीत बसली. दादा आरामखुर्चीत. वहिनी पलंगाच्या कडेला. धाकटी, म्हणजे धाकट्या भावाची बायको, गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून भिंतीशी टेकली होती, कारण खाली तिचं शिवण अर्धवट पडलं होतं. आणि बाळ दारात उभा होता.

बाळ म्हणजे धाकटा भाऊ. वय सत्तावन्न, मिशी पांढरी, पुढचा एक दात पडलेला, पण घरात नाव बाळ ते बाळच राहिलं. त्याच वजनकाट्यांच्या कारखान्यात तो तेहेतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होता. दादा साहेब झाल्यावर कारखान्यात त्याला ‘अहो साहेब’ म्हणणं भाग पडलं, आणि ते ‘अहो’ त्याच्याबरोबर घरीही आलं. घरी आल्यावर ते काढून ठेवायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

“बस ना रे, उभा काय?” ताई म्हणाली.

“असू दे. बरा आहे मी.”

“हे बघा,” ताईने सुरुवात केली, “प्रश्न साधा आहे. दादाला जिना बंद. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत, मी आत्ता मोजत आले. तळमजल्याच्या दोन खोल्या बाळकडे आहेत. दादा-वहिनी खाली जातील, बाळ आणि धाकटी वर येतील. मधल्या दोन मजल्यांवर भाडेकरू आहेत, त्यांना उठवायचा प्रश्न येत नाही. झालं.”

“अगं, त्यांना विचार तरी,” दादा म्हणाला. पण तो अशा सुरात म्हणाला की कुणी विचारू नये.

“माझं मशीन?” धाकटी म्हणाली.

“मशीन पण वर.”

“आणि गिऱ्हाईकं? बाहीला टीप मारायला, झग्याची उंची कमी करायला तीन मजले कोण चढून येईल ताई? खालच्या खिडकीतून मशीन दिसतं म्हणून तर लोक येतात.”

“माणसाच्या जिवापेक्षा तुझी टीप मोठी आहे का गं?”

धाकटीने टेप गळ्यातून काढली आणि बोटाला गुंडाळायला लागली. वहिनींना तिची दया आली. एरवी त्या धाकटीच्या बाजूने बोलल्याही असत्या, दोघींचं तसं मेतकूट होतं. पण आज त्यांनी नजर खाली केली. आज त्यांना बाजू निवडता येत नव्हती.

“त्यात काय,” बाळ दारातून म्हणाला, “वर हवा छान आहे. आपण वरच्या वर्गात गेलो असं समजू. तेहेतीस वर्षांत पहिलं प्रमोशन.”

फक्त तो स्वतःच हसला.

“मग आजच करून टाकू,” ताई म्हणाली. “बाळला आज सुट्टी आहे. उद्यापासून परत कारखाना. दादाची मुलगी दुपारपर्यंत येईल, ती नर्स आहे, दादाला खाली नेताना ती हवी. बाळ, तू हलकं हलकं सामान आधी आणायला लाग. जड सामानाला माणसं बघू.”

“उठू का मग?” बाळ म्हणाला. तो उभाच होता, पण कुठूनही निघताना हे विचारायची त्याला सवय होती.

*

खाली आल्यावर धाकटीने कपाटाचे खण रिकामे करायला घेतले आणि रागाने तेच कपडे परत परत घडी घालत बसली. तिला रडायला आलं नाही, याचाच तिला जास्त राग आला.

तिला नवऱ्याशी बोलायचं होतं. पण तिचा नवरा भांडायला मिळणं फार कठीण. त्याला काहीही म्हणा, तो ‘बरोबर आहे’ म्हणायचा. कारखान्यातून आला की बूट न काढता वीस-वीस मिनिटं खाटेवर बसून राहायचा. ‘दमलात?’ विचारलं तर म्हणायचा, ‘कशाने दमू? बसूनच तर काम असतं.’ सगळेच तसं म्हणत. दादाच्या डोक्यावर अख्खा कारखाना, बाळच्या डोक्यावर काय? दिवसाला चाळीस काटे तपासायचे, पास झालेला काटा पुढे सरकवायचा, सही दुसऱ्याने करायची. त्याला कसलं टेन्शन, असं ताई नेहमी म्हणायची, आणि धाकटीलाही बरीच वर्षं ते पटलं होतं.

मग एकदा ती डबा द्यायला कारखान्यात गेली होती. प्रत्येक टेबलापाशी खिळ्याला एक लाकडी पाटी टांगलेली होती. एक बाजू हिरवी, एक लाल. पाणी प्यायला किंवा लघवीला उठायचं तर पाटी उलटी करायची, लाल बाजू वर. सहा मिनिटांत ती पुन्हा हिरवी झाली नाही तर सुपरवायझर टेबलापाशी येऊन उभा राहायचा. सुपरवायझर नवा होता, बाळच्या निम्म्या वयाचा. तिच्या देखत तो बाळला म्हणाला, “काका, आज तिसऱ्यांदा.” आणि बाळने हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळत मान हलवली होती. डब्याच्या पिशवीसकट ती तिथे उभी होती. घरी येऊन दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पाटीची कल्पना दादाची. वीस वर्षांपूर्वी त्याने ती काढली, उत्पादन वाढलं, आणि मालकांनी त्याला भिंतीवरचं पितळी घड्याळ भेट दिलं. ते घड्याळ तिसऱ्या मजल्यावर होतं. आता ते खाली येणार, तिच्या मशीनच्या वरच्या खिळ्याला लागणार.

“हा खण नेतो,” बाळ म्हणाला.

“जड आहे. थांबा, मी एक बाजू धरते.”

“अगं, चादरी तर आहेत.” त्याने खण छातीशी धरला. “तू रागावू नकोस. गिऱ्हाईकांसाठी खाली एक पाटी लावू. वर बाण काढू.”

“पाटीचं नाव काढू नका,” धाकटी म्हणाली.

*

पहिल्या मजल्यापर्यंत बाळ बरा चढला. तो रोज वर जायचाच. वहिनींनी दादासाठी केलेली अळणी भाजी उरायची, आणि गेले पंधरा दिवस तो ती न चुकता वाटीत घालून खाली न्यायचा. ‘वाया कशाला घालवायची,’ म्हणायचा. वहिनींना तो भावाच्या पथ्यात साथ देतोय असं वाटायचं, त्यांनी दोनदा कौतुकही केलं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. तिथे खिडकी होती. खिडकी फार सोयीची गोष्ट, तिच्यापाशी थांबलेला माणूस दमलाय की बाहेर बघतोय ते कळत नाही. त्याने खण खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि रस्त्याकडे बघत श्वास मोजला. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत कुणीतरी दोरी ओढतंय असं वाटत होतं. असं महिनाभर होत होतं.

काय झालं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

रांगेत बाळने उभं राहायचं, हे या घरात शाळेपासून ठरलेलं. विजेचं बिल असो, दवाखाना असो, दादाला वेळ नसायचा, त्याला टेन्शन असायचं. बाळ लवकर जायचा, दोन नंबर घ्यायचा, पहिला दादाचा, दुसरा आपला. तपासणीच्या दिवशीही तो सकाळी साडेसहाला जाऊन उभा राहिला होता. एकेचाळीस आणि बेचाळीस. एकेचाळीसच्या चिठ्ठीवर त्याने दादाचं नाव घातलं. दादा आला, तेवढ्यात आतून पुकारा झाला, “एकेचाळीस!” आणि त्याच क्षणी दादाचा फोन वाजला. दादा फोनवर बोलत राहिला. फाईल, सही, मीटिंग. पुन्हा पुकारा झाला. दादाने हाताने खूण केली: तू जा. बाळ गेला, दादाची चिठ्ठी हातात घेऊन आणि आपली दादापाशी ठेवून. आत तो सांगणार होता की मी हा नव्हे, मी दुसरा. पण आतली बाई म्हणाली, “बाही वर करा,” आणि त्याने बाही वर केली. बाहेर आल्यावर काउंटरवर सांगू, असं ठरवलं. बाहेर आला तेव्हा दादा आत जात होता, काउंटरवर गर्दी होती, आणि कामावर पोचायला त्याच्याकडे अठरा मिनिटं होती.

कागद आला त्या संध्याकाळी सगळे वर जमले होते. वहिनी दादाचा हात धरून बसल्या होत्या. ताई फोनवर रडत होती, तो आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. बाळने तोंड उघडलं होतं. मग त्याचं दादाच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. सहा महिन्यांत तो चेहरा असा दिसला नव्हता. भाऊ सरळ बसला होता, कपाळाला आठी घालून, पूर्वी साहेब असताना बसायचा तसा. सगळे त्याच्याकडे बघत होते. बाळने तोंड मिटलं.

उद्या सांगू, असं म्हणत पंधरा दिवस गेले. आणि सांगून तरी काय? आपण आजारी पडलो तर लोकांनी नक्की काय करायचं, हेच त्याला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. त्याच्यासाठी रेडिओ कोण बंद करणार? रेडिओ तर तोच लावायचा.

वरून पावलं आली.

*

दादाने भावाची पावलं वरून मोजली होती. दुसऱ्या वळणावर ती थांबली, आणि सुरूच होईनात.

पूर्वी तो चिडायचा. ‘बाळ काय आळशी आहे, चार पायऱ्या चढला की रस्ता बघत बसतो,’ असं त्याने कितीदा वहिनींना बोलून दाखवलं होतं. आता तो आरामखुर्चीच्या हातावर हात घट्ट दाबून बसला होता, आणि पलीकडे ताई आणि वहिनी खाली कुठला पलंग न्यायचा यावर बोलत होत्या.

बारा दिवस. तपासणीनंतर घरी आल्यावर त्याला ते आठवलंही नव्हतं, इतक्या सहज त्याने भावाला आत पाठवलं होतं. गोळ्यांनी पहिली चक्कर आली तेव्हा आठवलं. आपण बेचाळीसची चिठ्ठी घेऊन आत गेलो होतो. आणि बेचाळीसचा कागद अगदी निरोगी होता. वहिनी म्हणाल्या होत्या, “भावजींचं सगळं छान आहे हो. त्यांना कसलं टेन्शन.”

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. तो बोलला नाही, कारण त्या सकाळी वहिनींनी त्याला शेजारी बसून जेवायला घातलं होतं, मुलीचा रोज फोन येत होता, खालचे भाडेकरू चौकशीला येऊन गेले होते. सहा महिने त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात फोन सोळा वेळा वाजला, दुसऱ्यात चार वेळा, मग बंद. माणसाला आपण कुणालाच नको आहोत हे इतक्या लवकर कळू नये. उद्या बोलू, असं त्यानेही बारा वेळा ठरवलं. सख्खे भाऊ, सवयी सारख्याच.

पावलं अजून थांबलेलीच होती. दादा उठला.

“अहो, कुठे?” वहिनी ओरडल्या. त्या ओरडल्या याचं दोघांनाही नवल वाटलं.

तो कठड्याला धरून सोळा पायऱ्या उतरला. डोकं गरगरत होतं. खिडकीपाशी बाळ उभा होता, कपाळ घामाने ओलं, खण कट्ट्यावर टेकवलेला.

“आलोच,” बाळ घाईने म्हणाला आणि खण उचलायला वाकला. “जरा बाहेर बघत होतो.”

“ठेव तो खाली.”

“हलका आहे, चादरी...”

“बाळ. एकेचाळीस नंबर तुझा होता.”

बाळने खण खाली ठेवला. रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं.

“माहीत आहे मला,” बाळ म्हणाला.

“कधीपासून?”

“कागद आला त्याच दिवशी.”

“मला बारा दिवस झाले,” दादा म्हणाला.

दोघेही पायरीवर बसले. पायरी अरुंद होती, लहानपणी दोघं मावायचे, आता खांदे घासत होते.

“बोलला का नाहीस?”

“तुम्ही जेवत होता.”

“काय?”

“सहा महिन्यांनी तुम्ही पोटभर जेवत होता. वहिनी पण बोलायला लागल्या होत्या. म्हटलं असू दे. आणि तुमची अळणी भाजी मी खातच होतो की. तेवढंच पथ्य.”

दादाला हसू आलं. “मूर्खा,” तो म्हणाला. “मेला असतास तर?”

“पहिला नंबर तुमचाच असतो ना,” बाळ म्हणाला. तो थट्टा करत होता. त्याला थट्टाच करता येत होती.

*

दादाने खण उचलला आणि बाळला पुढे घालून खाली आला. मागोमाग वहिनी, ताई, “अहो, ठेवा ते,” “दादा, तुला वेड लागलं का,” असं करत उतरल्या. खालच्या खोलीत दादाची मुलगी नुकतीच येऊन पोचली होती. खांद्याची पिशवीही काढली नव्हती. नर्स झाल्यापासून बाळकाका तिला ‘सिस्टर’ म्हणायचा, आणि ती त्याला ‘बोला पेशंट’ म्हणायची, हा त्यांचा जुना विनोद.

दादाने खण मशीनवर ठेवला आणि सगळं सांगितलं. चार वाक्यांत. मीटिंगमध्ये सांगायचा तसं.

धाकटी मटकन खाटेवर बसली. “पंधरा दिवस,” ती म्हणाली. “पंधरा दिवस मी ह्यांना मीठ घालून जेवायला घालतेय. आणि तुम्ही...” ती दादाकडे वळली. आजवर तिने त्याच्याशी चढ्या आवाजात बोलण्याची हिंमत केली नव्हती. “तुम्ही त्यांना खण घेऊन जिना चढायला लावलात!”

“धाकटे, हळू,” वहिनी सवयीने म्हणाल्या.

“का हळू? आता कुणाला टेन्शन आहे?”

“बरोबर बोलतेय ती,” ताई म्हणाली. तासाभरापूर्वी अठ्ठेचाळीस पायऱ्या मोजणारी ताई आता बाळच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. मुख्याध्यापिकेला चूक सापडली की बाजू बदलायला वेळ लागत नाही. “पण मला एक सांग दादा, नंबर तुझा होता, तू हजर होतास. मग हा आधी आत गेलाच कसा?”

“फोन आला होता.”

“कारखान्यातला महत्त्वाचा फोन होता,” वहिनी म्हणाल्या. “मला सांगितलं होतं यांनी. अजूनही यांच्यावाचून अडतं तिथे.”

दादाने बायकोकडे पाहिलं. एवढं एक वाक्य तसंच राहू दिलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. नंबरांचा घोळ कबूल झालाच होता.

“कारखान्याचा नव्हता,” तो म्हणाला. “कुठल्याशा कंपनीचा होता. यंत्रातला आवाज, काहीतरी विकत घ्या म्हणणारा. दहा सेकंदांत बंद झाला.”

“पण तुम्ही तर कितीतरी वेळ बोलत होता,” बाळ म्हणाला. हे त्यालाही नवं होतं.

“बोलत होतो. पलीकडे कुणी नव्हतं.”

वहिनींनी पदराचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. सहा महिने त्या या माणसाबरोबर एका खोलीत राहत होत्या. नवरा बंद फोनवर बोलण्याइतका एकटा आहे हे त्यांना कळलं नव्हतं, आणि त्यालाही त्यांना सांगावंसं वाटलं नव्हतं. कुणाची चूक जास्त ते त्यांना ठरवता येईना.

मुलीने पिशवीतून प्रेशरचं यंत्र काढलं. आधी बाबांचा हात ओढून पट्टा बांधला. “चौऱ्याण्णव. खाली अठ्ठावन्न. बाबा, चांगल्या माणसाला या गोळ्या दिल्या तर चक्कर येणारच. आजपासून बंद. उद्या डॉक्टरांकडे जाऊ.” मग ती बाळकडे वळली. “बोला पेशंट.”

बाळ खुर्चीत बसला. मशीनपुढची, पाठ नसलेली खुर्ची. “हे बघ सिस्टर, मला काही होत नाही.”

“खांद्यात दुखतं?”

“जरा.”

“जिना चढताना?”

बाळने बायकोकडे चोरून पाहिलं. “जरा.”

मुलीचा चेहरा बदलला. तिने पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि मोठ्याने सांगितला नाही. “इथून आपण सरळ मोठ्या दवाखान्यात जातोय,” ती म्हणाली. “आत्या, गाडी बोलाव. काकू, काकांचं स्वेटर आणि पाण्याची बाटली घे. गाडी येईपर्यंत काका इथे पाच मिनिटं काहीही न करता बसणार आहेत. मी परत बघणार आहे. कुणी बोलायचं नाही.”

आणि खरंच कुणी बोललं नाही. ताई दबक्या आवाजात फोनवर पत्ता सांगू लागली. वहिनींनी पुढे होऊन खिडकीचं दार, आवाज न करता, लोटून घेतलं. बाळ त्या सगळ्यांकडे बघत होता. एवढं मोठं घर आपल्यासाठी गप्प बसलंय, हे त्याला कसं घ्यायचं ते समजत नव्हतं. तो पाय जुळवून, मुलाखतीला बसल्यासारखा बसला होता.

“उठू का?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “पाणी पिऊन येतो.”

“काकू आणेल पाणी. तुम्ही बसा.”

दादा बाहेर, जिन्याच्या तोंडाशी उभा होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि ते योग्यच होतं. पण भावाला एकदा नीट बघावं असं त्याला वाटलं. तो उंबरठा ओलांडून आत आला.

बाळ उठून उभा राहिला.

तो ठरवून उठला नाही. अठ्ठावीस वर्षं त्या पावलांना त्याचं शरीर जसं उठत आलं तसंच उठलं. पट्टा दंडालाच होता, नळी ताणली गेली, यंत्र मशीनवरून घसरलं आणि मुलीने ते वरच्या वर धरलं.

“काका!”

“हो हो, बसतो,” बाळ म्हणाला, पण बसला नाही. तो दादाच्या बसण्याची वाट बघत होता. आपण काय करतोय ते त्यालाही दिसलं. तो ओशाळून हसला.

दादाला बस म्हणायचं होतं. शब्द तोंडात आला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण आयुष्यभर याला फक्त बस आणि ऊठ एवढंच म्हणत आलो. तो मागे फिरला. बाहेर येऊन जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, आतून दिसणार नाही अशा बेताने, बसला.

“आता बसा,” आतून मुलगी म्हणाली. “डोळे मिटा. हात सैल सोडा. दारात कुणी नाही.”

दादा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिला. पट्टा फुगल्याचा आवाज आला, मग हवा हळूहळू सुटल्याचा. खिशातला फोन वाजू नये म्हणून त्याने तो काढून बंद करून टाकला. तो वाजणार नव्हताच.

“एकशे बावन्न,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज थोडा हलका झाला होता. “मघापेक्षा चोवीस कमी, काका. अजूनही जास्तच आहे, पण उतरतंय. असेच बसून राहा.”

“दादा कुठे गेले?” बाळचा आवाज आला.

“आहेत बाहेर.”

“आत बोलाव ना त्यांना.”

कुणी हाक मारण्याआधी दादा उठला आणि आवाज न करता आणखी चार पायऱ्या वर जाऊन बसला.